हिरव्या कोटातल्या मुलीचा सूर

या लेखात दोन स्त्रिया येतील आणि दोघींचीही नावे मी देणार नाही. पहिल्या, लंडनच्या पश्चिम टोकाला हाउन्सलोमधील माझ्या घरमालकीणबाई. त्यांचे नाव मला ठाऊक आहे, पण ते छापू नये अशी त्यांची ताकीद होती. "लिहिशील कधीतरी माझ्यावर, मास्तर लोकांना लिहायची खाज असतेच," त्या म्हणाल्या होत्या. "पण नाव घालू नकोस. लोक ओळखतात ते नाव मॅनेजरनं दिलेलं, आणि आईनं ठेवलेलं नाव आता कोणी ओळखत नाही." दुसऱ्या स्त्रीचे नाव मला ठाऊक नाही. ते बाईंनाही ठाऊक नव्हते, आणि त्या न ठाऊक असण्याने बाईंच्या आयुष्याची चाळीस वर्षे व्यापली होती.

आधी घराविषयी सांगतो, कारण बाईंच्या सवयी त्या घराच्या जागेतून निघालेल्या होत्या. हीथ्रो विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या गल्लीवरून इतकी खालून जात की वाळत घातलेल्या कपड्यांवर त्यांची सावली पडे. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना एक शिस्त आपोआप लागते. विमान आले की बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबतो, ऐकणाराही थांबतो, आणि आवाज ओसरला की संभाषण पुढे चालू होते. त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. बहुतेक माणसे पुन्हा बोलताना वाक्य पहिल्यापासून घेतात. बाई मात्र ज्या शब्दावर थांबल्या असतील, त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करीत. "मास्तर, फ्रिजमधलं दूध..." त्या म्हणत. विमान येई, जाई. "...नासलंय." मधल्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरचा भावही जिथल्या तिथे राहिलेला असे. मी एकदा कौतुक केले, तर म्हणाल्या, "गाणाऱ्या माणसाला थांबता यायला हवं रे. सुरू करायला काय, कोणीही करतं."

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यासाठी त्या देशात गेलो होतो. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षे. तेथील शाळांना गणिताचे शिक्षक मिळत नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत खोली भाड्याने देण्याची चिठ्ठी पाहून मी फोन केला आणि घोटून ठेवलेल्या इंग्रजीत चौकशी केली. पलीकडच्या आवाजाने माझे उच्चार ओळखले असावेत. मग शुद्ध मराठीत प्रश्न आला, "कुठला रे तू?"

"कोल्हापूरचा," मी दचकून म्हणालो.

"मग ये. पण मटणाचा रस्सा रोज करायचा नाही. पडद्यांना वास लागतो."

मी त्यांना 'बाई' म्हणू लागलो आणि त्या मला 'मास्तर'. आमच्याकडे शाळेतील शिक्षिकेला 'बाई' म्हणतात, त्यामुळे त्या घरात शिक्षक दोन आणि विद्यार्थी एकही नाही, असे त्या म्हणत.

बाई मूळच्या मुंबईच्या, भायखळ्याच्या, बेने इस्राएल समाजातल्या. ज्यांना हा समाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबागच्या बाजूच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. बाई विशीत असताना लंडनला आल्या आणि तेथे सोल गाऊ लागल्या. सोल ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनाघरांत वाढलेली गायकी. तिच्यात शब्द नुसता उच्चारून चालत नाही. तो कपड्यासारखा पिळावा लागतो, आणि त्यातून जे थेंब पडतात ते गाणे. सावळा रंग, काळेभोर केस आणि मॅनेजरने दिलेले इंग्रजी नाव यांमुळे श्रोत्यांना वाटे की ही मुलगी कुठल्यातरी दूरच्या बेटावरून आली असावी.

"विचारायचे लोक, कुठलं बेट?" बाई सांगत. "मी म्हणायचे, बॉम्बे. तेही बेटच की! खोटं कुठे बोलले?"

हा प्रश्न त्या हसून विचारीत, पण उत्तराची वाट पाहिल्यासारख्या थोड्या थांबतही असत.

त्यांची बरीच गाणी निघाली आणि विसरली गेली. एक मात्र राहिले. साठच्या दशकातल्या त्या गाण्याच्या शेवटी, अखेरच्या शब्दांच्या अगोदर, एक उंच, लांब सूर होता. तो वर चढतो, वाटते की आता तुटेल, आणि तो न तुटता आणखी वर जातो. त्या एका सुरावर बाईंची कीर्ती उभी होती. मी शाळेत सहज घरमालकिणीचे नाव सांगितले, तेव्हा भूगोलाच्या वयस्क शिक्षिकेने चहाचा कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि स्टाफरूममध्येच तो सूर लावायला घेतला. तिला ठसका लागला. "नाहीच जमत कोणाला," ती डोळे पुसत म्हणाली. "तिच्याशिवाय."

उत्तर आधी सांगून मग रीत दाखवावी, ही माझी वर्गातील पद्धत आहे. येथेही तेच करतो. तो सूर बाईंचा नव्हता.

हे मला कळायला वर्ष लागले. तोवर मी फक्त एवढेच पाहत होतो की साठी ओलांडलेली एक स्त्री रोज सकाळी ड्रेसिंग गाउनवर, पायात रबरी बूट घालून मागच्या अंगणात जाते. शेजाऱ्यांच्या धुराड्यावर विमान दिसले की ती सूर लावते आणि विमान दुसऱ्या बाजूच्या झाडांआड जाईपर्यंत तो धरून ठेवण्याचा प्रयत्न करते. विमानाच्या गर्जनेत तो सूर कोणाला ऐकू येत नसे. त्यासाठीच ती वेळ निवडलेली होती. "लाज वाटत नाही ना मग," त्या म्हणत. विमान गेले की त्या कधीकधी एक क्षण उशिरा थांबत. तेवढ्या क्षणात तो आवाज उघडा पडे. चिरकलेला, मध्येच फाटणारा, आणि तरीही वर जाऊ पाहणारा.

एका शनिवारी माझा पुण्याचा एक मित्र भेटायला आला. तो लंडनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याने हे दृश्य पाहिले.

"अरे, ही कोण? आणि हिला काय झालंय?" तो मोठ्याने म्हणाला. "काउन्सिलला फोन करू का?"

मी त्याला खुणावेपर्यंत बाई दारात होत्या. "काही झालेलं नाही रे बाळा," त्या मराठीत म्हणाल्या. "विमानाला साद घालतेय. एखादं पुण्याचं असलं तर उतरून चहाला येईल." मित्र लाल झाला. "सॉरी हं, मावशी, मला वाटलं तुम्ही..." त्याला वाक्य पुरे करता आले नाही आणि मदतीला विमानही आले नाही. बाईंनी त्याला चहा दिला, त्याच्या आईची चौकशी केली, आणि तो गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बरोबर बोलला पोरगा. काहीतरी झालेलंच आहे मला."

झाले होते ते असे. एका तरुण निर्मात्याला वडिलांच्या जुन्या तबकड्यांत बाईंचे गाणे सापडले होते. त्याने बाईंना शोधून काढले आणि शेवटच्या रेकॉर्डनंतर सुमारे तीस वर्षांनी नवा अल्बम करण्याची विनंती केली. गाणी नवी, वादक मोजके. आणि अखेरचे गाणे म्हणून तेच जुने गाणे पुन्हा, एका दमात, कसलीही करामत न करता. "खरेपणा हवा आहे मला," तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर कोपरे टेकवून म्हणाला होता. "सगळं खरं." बाईंनी त्याला आणखी एक बिस्किट घ्यायला लावले आणि होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून रबरी बूट बाहेर आले.

मला सत्य कळले ते माझ्याच एका सवयीमुळे. नवे वर्ष सुरू झाले की मी माझ्या वर्गांतील मुलांची नावे पाठ करतो. त्या शाळेत ती नावे साऱ्या जगातून आलेली होती. पंजाबी, सोमाली, पोलिश, तमिळ. मी भांडी घासता घासता ती मोठ्याने म्हणत असे. बाई टेबलापाशी बसून गरम पाणी पीत होत्या.

"कसला जप चाललाय, मास्तर?"

"मुलांची नावं आहेत. सोमवारी हजेरी घ्यायची आहे."

"बघून वाच की. एवढं घोकायचं कशाला?"

मी हात पुसले आणि वर्गात सांगतो तसे सांगितले, "बाई, ज्या मुलाचं नाव मला तोंडपाठ नसतं ते हळूहळू मागच्या बाकावर सरकतं. त्याचं उत्तर बरोबर आलं तरी मी 'तू, खिडकीजवळचा' असं म्हणतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. वर्षअखेर ते वर्गात असतं, पण माझ्या लेखी नसतं. आणि तो दोष त्या मुलाचा नसतो."

"म्हणजे तुझं म्हणणं की ज्यानं नाव विचारलं नाही..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मी सवयीने वर पाहिले. आकाशात विमान नव्हते. मी त्या वाक्याच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहिलो. बाईंनी पेला तसाच ठेवला आणि त्या वर निघून गेल्या.

ते वाक्य त्यांनी पुरे केले ते पुढच्या रविवारी दुपारी, त्याच टेबलापाशी आणि, माझी खात्री आहे, त्याच्या बरोबर पुढच्या शब्दापासून.

"...त्याचीच लाज, असंच ना? मग ऐक."

मूळ ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बाईंचा घसा बसला होता. बाकीचे गाणे कसेबसे झाले; शेवटचा सूर लागेना. स्टुडिओचे भाडे चढत होते, वादक घड्याळे पाहत होते. संगीत बसवणाऱ्या गृहस्थांनी कोरसमधल्या एका मुलीला बोट दाखवून पुढे बोलावले. हीटर बिघडला होता, म्हणून तिने कोट घातलेलाच होता. हिरवा, मोठ्या बटणांचा. ती माइकपुढे आली, एकदा खाकरली, आणि तिने तो सूर लावला. एकाच टेकमध्ये. मग तिने पर्स उचलली, बस चुकेल म्हणाली आणि गेली.

"मी तिला थँक्यू म्हटलं," बाई म्हणाल्या. "तेवढं आठवतंय. नाव विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं की ती खरी होईल."

रेकॉर्ड चालली. कार्यक्रमांत तो सूर येण्याच्या जागी बाई माइक श्रोत्यांपुढे धरू लागल्या. श्रोते गात, बाई हसत. गायिकेचे हे औदार्य म्हणून पुढे नावाजले गेले. इतर गायकांनीही त्याचे अनुकरण केले, असे त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"पण हे सगळं चालून गेलं असतं रे. सगळेच असं करायचे. मला खातो तो मलिदा."

मलिदा म्हणजे बेने इस्राएल लोकांचा आभार मानण्याचा विधी. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोवलेले खोबरे आणि वेलची घालतात, भोवती फळे मांडतात, एलियाहू प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि जमलेल्या प्रत्येकाला वाटा देतात. नवस फेडताना, सुखरूप प्रवास झाल्यावर, घरात चांगले काही घडल्यावर मलिदा करतात. बाईंची रेकॉर्ड बोटीने मुंबईला पोहोचली तेव्हा त्यांच्या आईने शेजारच्यांचा ग्रामोफोन मागून आणला. सगळ्या इमारतीला बोलावले. तो शेवटचा सूर ऐकून ती रडली आणि म्हणाली, देवाने माझ्या मुलीच्या गळ्यात हे ठेवले. आणि तिने त्या सुराचा मलिदा केला.

"समजतंय का तुला?" बाई म्हणाल्या. "लोकांना फसवलं ते एक. पण माझ्या आईनं देवापुढे ताट ठेवलं, दुसरीच्या गळ्याचे आभार माझ्या नावानं मानले. वाटेसुद्धा वाटले. ती गेली, तोवर मी तिला सांगितलं नाही. आता एकच रस्ता आहे. तो सूर एकदा मी स्वतः लावायचा. एकदाच. म्हणजे आईचा मलिदा खरा होईल."

त्या उठल्या आणि त्यांनी रबरी बूट चढवले. ज्या गणितात वजाबाकी चाळीस वर्षांपूर्वी चुकली आहे, त्याचे उत्तर आज मोठ्या आवाजात सांगून ते बरोबर येत नाही, एवढे मला कळत होते. पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

ध्वनिमुद्रणाला त्यांनी मला बरोबर नेले. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "तिथे माझ्याकडे मराठीत बघणारा एक तरी माणूस हवा." स्टुडिओ पश्चिम लंडनमध्ये एका जुन्या गोदामात होता. भिंती जाड, बाहेरचे काहीही आत ऐकू येत नव्हते. बाईंनी अंगणात कमावलेली सगळी तयारी विमानाच्या आडोशाने केलेली होती आणि येथे आडोसा नव्हता, हे माझ्या तिथे पोहोचल्यावर लक्षात आले.

बाकीची गाणी सुरेख झाली होती. वयाने त्यांचा आवाज खाली उतरला होता, खरबरीत झाला होता, आणि त्या खरबरीतपणाला त्या नव्या गाण्यांत जागा मिळाली होती. जुन्या गाण्याचे शब्दही त्यांनी असे गायले की पियानो वाजवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मान खाली घातली. मग तो सूर आला आणि फाटला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा तो लागल्यासारखा वाटला, आणि नुसता श्वास उरला. काचेपलीकडे बाई ओशाळून हसल्या. खडू मोडल्यावर फळ्यापुढचा विद्यार्थी हसतो तसे.

निर्मात्याने आतल्या खोलीशी बोलायचे बटण दाबले आणि इंग्रज कोणालाही मायेने 'लव्ह' म्हणतात तसे म्हटले. "सुंदर, लव्ह. जिवाला त्रास देऊ नकोस. माझ्याकडे एक कल्पना आहे." आणि त्याने यंत्रावरून जुन्या रेकॉर्डमधला तो सूर लावला, बाईंच्या आताच्या आवाजाला जोडून. आजच्या आवाजाने वाक्य सोडले आणि तरुण आवाजाने ते उचलले. ड्रमवाल्याने आपल्या दंडावरचा काटा सगळ्यांना दाखवला.

"बघ ना," निर्माता उत्साहाने म्हणाला, "आजची तू गातेस आणि तेव्हाची तू तिला उत्तर देतेस. यात करामत कुठे आहे? दोन्ही तूच!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीवरच्या तारांकडे पाहू लागलो. ज्याला ठाऊक असते, त्यालाही लाज वाटते, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नाही.

"ती मी नाही," बाई म्हणाल्या.

निर्माता मायेने हसला. "खरं आहे. तेव्हाचं माणूस आपल्यापैकी कोणीच उरत नाही."

त्याने बाईंचे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून घेतले होते. शरमेची गोष्ट एकदा सांगायला धैर्य पुरते. ऐकणाऱ्याने ती भलतीच समजून घेतल्यावर तीच पुन्हा सांगायला निव्वळ हट्ट लागतो. बाई तिथेच थांबल्या असत्या, तर त्यांचे चारचौघांत कौतुक झाले असते. त्यांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि माइकजवळ आल्या.

"नीट ऐक, राजा. रेकॉर्डवर जी मुलगी तो सूर गाते, ती मी नाही. दुसरी आहे. माझा घसा बसला होता."

निर्मात्याने विचारले, "कोण होती?"

"कोरसमधली. हिरवा कोट होता."

"नाव काय तिचं?"

"मी विचारलं नाही."

पहिल्या कबुलीने वादक नुसते चकित झाले होते. या दुसऱ्या उत्तरानंतर पियानोवाल्या गृहस्थांनी बाईंकडे पाहण्याचे थांबवले. त्यांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डांवर, नाव न छापता, पियानो वाजवला होता. बाईंनी ते पाहिले. मीही पाहिले.

निर्माता सावरला. तो दुष्ट मुळीच नव्हता. "हे बघ, तेव्हा सगळ्यांच्या रेकॉर्ड अशाच व्हायच्या. आपण इथे आहोत तेवढ्यांनाच ठाऊक आहे. कोणाला कळणार आहे?"

"तेव्हाही हेच वाक्य होतं," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाजवा."

चौथ्यांदा त्या गायल्या. सुराची जागा आली आणि त्यांनी तोंड मिटले. वादकांना काही सांगितलेले नव्हते. ते वाजवत राहिले. बाई डोळे उघडे ठेवून, चेहऱ्यावरचा भाव जिथल्या तिथे ठेवून, एखादे मोठे विमान डोक्यावरून जात असावे तशा उभ्या राहिल्या. ते गेले. मग त्यांनी पुढचा शब्द उचलला आणि गाणे संपवले. अल्बमवर हेच आहे.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "नाही झाला आईचा मलिदा खरा."

मी माझ्या वर्गातला एक नियम त्यांना सांगितला, कारण मला दुसरे काही येत नाही. चुकलेले गणित मी मुलांना खोडू देत नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, चूक वाचता येईल अशी ठेवायची आणि खाली पुन्हा सोडवायचे. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "कोणाच्या नावानं सोडवू?" त्या म्हणाल्या.

अल्बमच्या आवरणावर, सगळ्या वादकांच्या नावांनंतर, बाईंनी हट्टाने एक मजकूर छापायला लावला. तो साधारण असा होता: या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवरचा शेवटचा सूर माझा नाही, तो हिरवा कोट घातलेल्या एका मुलीने गायला, मी तिचे नाव विचारले नाही. अक्षरे इतकी बारीक की ती वाचायला भिंग लागावे. एका वृत्तपत्रातील परीक्षणकाराकडे बहुधा भिंग नव्हते. त्याने त्या शांततेवरच मोठा परिच्छेद लिहिला, की आपला सर्वांत प्रसिद्ध सूर न गाण्याचे धाडस केवळ थोर कलावंतच करू जाणे. बाईंनी ते मला वाचून दाखवले आणि वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे तसेच धरून ठेवले.

"बघ मास्तर," कागदामागून आवाज आला. "गायले नाही, त्याचंही श्रेय मलाच."

अल्बम विक्रीला आल्यावर एका रविवारी दुपारी शहरातल्या तबकड्यांच्या दुकानात बाईंनी गावे आणि सह्या कराव्यात, असे ठरले. त्या सकाळी मी खाली आलो तेव्हा टेबलावर पोहे भिजत होते. मला खोबरे खोवायला बसवले गेले. बाईंनी साखर, वेलची घातली, भोवती फळे मांडली, डोक्यावर रुमाल घेतला आणि हिब्रूतले काही शब्द पुटपुटल्या. मध्ये विमान गेले; त्या थांबल्या आणि पुढच्या शब्दापासून पुन्हा सुरू झाल्या.

"पण बाई, सूर तर लागला नाही," मी विचारले. "मग हा मलिदा कशाचा?"

"आईनं केलेला चुकला होता ना? त्यावर रेघ मारली. हा खालचा." त्यांनी मोठा स्टीलचा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. "सांडू नकोस."

दुकानात बरीच गर्दी होती. बहुतेक बाईंच्या वयाचे, काही तरुण. त्या एका गिटारवर गायल्या. जुन्या गाण्याचा शेवट आला, तेव्हा लोकांनी सवयीने माइक आपल्यापुढे येण्याची वाट पाहिली. बाईंनी तो छातीशी धरला. तरीही मागून कोणीतरी तो सूर लावला, मग आणखी काही जणांनी. कोणाचाच धड लागला नाही. खोकले, हसू, फाटके आवाज. इतरांना ते दृश्य हृद्य वाटले असावे. बाई हसत नव्हत्या. मान किंचित कलती करून त्या गर्दीतल्या प्रत्येक आवाजाला वेगळे काढून ऐकत होत्या.

मग सह्यांसाठी रांग लागली. प्रत्येकाला कागदी बशीत मलिद्याचा वाटा देण्याचे काम माझे. "हे काय, पुडिंग का?" लोक विचारीत. "आभार आहेत," बाई सांगत, "खाऊन टाका." आणि पेन उघडून विचारीत, "तुझं नाव काय, लव्ह?" हे सगळेच गायक विचारतात. पण बाई नाव ऐकल्यावर मान वर करीत, त्या चेहऱ्याकडे पाहत आणि ते नाव एकदा स्वतः म्हणत; मी भांडी घासताना म्हणत असे तसे. समोर साठीच्या पुढची स्त्री असली की आणखी एक प्रश्न येई, "कधी गात होतीस का तू?"

रांगेच्या शेवटाकडे हिरवा रेनकोट घातलेली एक उंच, पांढऱ्या केसांची स्त्री होती. ती दोन माणसे मागे असल्यापासून बाईंच्या सह्या वाकड्या येऊ लागल्या होत्या. ती पुढे आली. बाईंनी नाव विचारले, तिने सांगितले. बाईंनी ते म्हटले.

"कधी गात होतीस का?"

"मी?" ती मोकळेपणाने हसली. "आमचे हे म्हणतात, मी गायले की त्यांना फाटकाला तेल घालायची आठवण होते."

बाईही हसल्या. सही केली, वाटा आपल्या हाताने दिला, आणि ती दारातून बाहेर पडेपर्यंत तिच्या रेनकोटाकडे पाहत राहिल्या.

रांग संपली. दुकानदार खुर्च्या उचलू लागला. डब्यात तळाशी एक वाटा शिल्लक होता. मी सकाळपासून काही खाल्ले नव्हते, म्हणून चमचा पुढे केला. बाईंनी माझा हात बाजूला केला, डब्याचे झाकण लावले आणि ते तळहाताने घट्ट दाबले.

"हजेरी झाली, मास्तर," त्या म्हणाल्या. "एक गैरहजर."